पाणबुडीच्या कादंबऱ्या आणि त्यांवरचे चित्रपट : कानांनी लढायचे युद्ध पडद्यावर कसे दाखवायचे?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी,

सागरी युद्धावरच्या कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेले चित्रपट हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यातही पाणबुडीच्या कथांबाबत माझे एक ठाम मत बनलेले आहे. ते सविस्तर मांडावे आणि इतरांचे म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा काढत आहे.

पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीतल्या माणसांना बाहेरचे काहीही दिसत नाही. पेरिस्कोप लाटांच्या वर असेल तोवर एकट्या कप्तानाला काय ते दिसते. त्याहून खोल गेल्यावर शत्रू कुठे आहे, किती जवळ आला आहे, निघून गेला की इंजिने बंद करून वाट पाहत थांबला आहे, हे सारे कानांनीच जाणून घ्यावे लागते. कादंबरीकाराचे यात काही अडत नाही, कारण वाचकही पात्रांइतकाच अंधारात असतो. चित्रपटाचे मात्र सारे भांडवलच दृश्याचे असते, आणि म्हणून दिग्दर्शकाला कॅमेरा बाहेरच्या पाण्यात नेण्याचा मोह पडतो. निळ्या पाण्यातून सरकणारी पाणबुडी आणि तिच्या रोखाने येणारा पाणतीर (टॉर्पेडो) एकदा पडद्यावर दिसला, की पाणबुडीतल्या माणसांपेक्षा प्रेक्षकाला जास्त कळू लागते आणि त्या प्रमाणात भीती ओसरते. रूपांतर जमले की फसले, हे मूळ घटना किती बदलल्या यावरून मी ठरवत नाही. दिग्दर्शकाने आपल्याला त्या आंधळेपणात किती वेळ कोंडून ठेवले, यावरून ठरवतो.

या कसोटीला सर्वांत खरा उतरतो तो वोल्फगांग पीटरसनचा १९८१ सालचा जर्मन चित्रपट 'दास बोट'. तो ज्या कादंबरीवर बेतला आहे ती लोथार-ग्युंथर बुकहाइम याने १९७३ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या शरद ऋतूत, बुकहाइम युद्धवार्ताहर म्हणून 'यू-९६' या पाणबुडीवर प्रत्यक्ष गेला होता. कप्तान होता हाइनरिश लेहमान-विलेनब्रॉक, ज्याचे वय तेव्हा तिशीच्याही आत होते, आणि तरी कादंबरीत खलाशी आपल्या कप्तानाला 'म्हातारा' म्हणतात, कारण बाकीचे त्याहून कोवळे आहेत. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरण्याच्या प्रयत्नात नोव्हेंबरच्या अखेरीस 'यू-९६' वर ब्रिटिश विमानाने बॉम्ब टाकले आणि तिला माघारी फिरावे लागले. त्या प्रवासातूनच पुढे कादंबरीचा कणा तयार झाला.

कादंबरीचा फार मोठा भाग वाट पाहण्याने भरलेला आहे. आठवडेच्या आठवडे वादळ, बुरशी आलेला पाव, न धुतलेली अंगे, एका बिछान्यावर पाळीपाळीने झोपणे, आणि शत्रूचे एकही जहाज न दिसणे. हे कंटाळवाणे दिवस वाचताना सोसलेले असले, तरच पुढचा हल्ला अंगावर येतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी चित्रपटगृहासाठी कापलेली अडीच तासांची आवृत्ती न पाहता दूरचित्रवाणीसाठी केलेली सुमारे पाच तासांची आवृत्ती पाहावी, किंवा निदान पीटरसनने १९९७ साली नव्याने संकलित केलेली साडेतीन तासांची तरी पाहावी.

पाणबुडीचा अंतर्भाग म्युनिकच्या स्टुडिओत खऱ्या मापाने बांधला होता. चित्रीकरणाच्या सोयीसाठी भिंती काढून ठेवण्याची पद्धत येथे टाळली, त्यामुळे कॅमेऱ्यालाही खलाशांइतकीच जागा मिळाली. छायाचित्रकार योस्ट वाकानो याने हातात धरायच्या कॅमेऱ्याला तोल सांभाळणारी जायरोस्कोपची जोडणी बसवली आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून तो नटांच्या मागून अरुंद गोल दारांतून धावला. धोक्याची हाक आली, की पाणबुडीचे नाक लवकर खाली जावे म्हणून सगळे खलाशी पुढच्या टोकाकडे धाव घेतात. वाकानोचा कॅमेरा त्यांच्याबरोबर धावतो तेव्हा जागेची अडचण आपल्या खांद्यांना जाणवते.

जिब्राल्टरजवळ पाणबुडी बुडते आणि २८० मीटर खोलीवर तळाला टेकते, तो प्रसंग पाहा. खोली दाखवणारा काटा तबकडीवर पुढे पुढे सरकत राहतो, कप्तान आकडे पुटपुटतो, पाण्याच्या दाबाने खिळे बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटून उडतात, आणि सगळ्यांचे डोळे वर, पोलादी छताकडे लागलेले असतात. बाहेरचे जवळजवळ काहीच न दाखवता घडलेला हा प्रसंग आहे. आणि पाहायची वेळ येते तेव्हा काय दिसते? जळते तेलवाहू जहाज संपवण्यासाठी कप्तान आणखी एक पाणतीर सोडतो, आणि मग लक्षात येते की त्याच्यावरची माणसे अजून कोणी उतरवून नेलेली नाहीत. ती पेटत्या अंगाने पाण्यात उड्या मारतात आणि पाणबुडीच्या दिशेने पोहू लागतात. तोवर शत्रू म्हणजे फक्त आवाज होता. त्याचे शरीर दिसते ते असे.

स्वतः बुकहाइम या चित्रपटावर नाराज होता आणि ती नाराजी त्याने उघडपणे बोलून दाखवली होती. आपल्या युद्धविरोधी पुस्तकाचा थरारपट झाला, असे त्याला वाटले. मला ते पटत नाही. पडद्यावर आरंभीच सांगितले जाते की ४०,००० जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले आणि त्यांतले ३०,००० परतले नाहीत. पुढचा सारा चित्रपट त्या आकड्याला चेहरे देतो.

आपली मते अवश्य लिहावीत. मी मांडलेली कसोटी पटत नसेल, तर तेही उदाहरणासह लिहावे.

वाचनवेडी

दर्यावर्दी, लेख फार आवडला. मला या युद्धाची दुसरी बाजू, म्हणजे वरच्या जहाजावरची, आधी भेटली. निकोलस मॉन्सरॅटची 'द क्रुएल सी' ही १९५१ ची कादंबरी आणि तिच्यावरचा चार्ल्स फ्रेंड दिग्दर्शित १९५३ चा चित्रपट. मॉन्सरॅट स्वतः युद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या छोट्या कॉर्व्हेट नौकांवर अधिकारी होता, आणि त्याच्या कादंबरीतली 'कंपास रोझ' ही तशीच एक ठेंगणी, लाटांवर सतत हेलकावणारी नौका आहे.

त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. बुडालेल्या जहाजांचे खलाशी पाण्यात तरंगत आहेत, मदत आली म्हणून हात हलवत आहेत, आणि त्याच वेळी सोनारवरचा, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावरचा, माणूस सांगतो की शत्रूची पाणबुडी नेमकी त्यांच्या खाली आहे. कप्तान एरिक्सनला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोलवर फुटणारे बॉम्ब, टाकायचे की नाही हे काही क्षणांत ठरवायचे आहे. तो टाकतो. पाण्यातली आपलीच माणसे मरतात आणि पाणबुडी खरोखर तेथे होती की नव्हती, हे शेवटपर्यंत कळत नाही.

येथेही कानांचाच खेळ आहे, म्हणून आपला मुद्दा वरच्या जहाजालाही लागू पडतो, असे मला वाटते. एरिक्सनजवळ पुरावा म्हणून यंत्रातून परत आलेला एक प्रतिध्वनी आहे, आणि समोर मात्र जिवंत माणसे दिसत आहेत. ऐकलेल्यावर विश्वास ठेवून पाहिलेल्याकडे पाठ फिरवायची, हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. चित्रपटात जॅक हॉकिन्सचा चेहरा हे सारे पेलतो. कादंबरीचा पसारा मोठा आहे, युद्धाच्या सगळ्या वर्षांचा आहे. चित्रपटाने त्यातले बरेच कापले, पण हा प्रसंग सौम्य केला नाही, याचे मोल मला जास्त वाटते.

सारंग

मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात अनेक वर्षे नोकरी केली. युद्धनौकेशी माझा संबंध कधी आला नाही, परंतु समुद्रातल्या आवाजाविषयी थोडे लिहितो, कारण त्यावाचून या कथांमधले डावपेच नीट कळत नाहीत.

आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक. पण तो सरळ जात नाही. वरचे पाणी उबदार आणि खालचे थंड असेल, तर दोन थरांच्या सीमेवर ध्वनिलहरी वळतात, आणि त्या थराखाली उतरलेली पाणबुडी वरच्या जहाजाला सापडेनाशी होते. दुसऱ्या महायुद्धातल्या यंत्रांची आणखी एक मोठी उणीव होती. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ आले, की प्रतिध्वनी मिळणे बंद होत असे. डेप्थ चार्ज जहाजाच्या मागच्या टोकावरून टाकावे लागत, म्हणजे हल्ल्याच्या ऐन शेवटच्या क्षणी जहाजाचा कप्तानही बहिरा होत असे आणि तेवढ्याच वेळात पाणबुडीचा कप्तान झटकन वळून निसटू पाहत असे.

आता आपल्या कसोटीविषयी. डेनिस रेनर याची 'द एनिमी बिलो' ही १९५६ ची कादंबरी आणि तिच्यावरचा डिक पॉवेलचा १९५७ चा चित्रपट या कसोटीवर नापास होईल, कारण त्यात प्रेक्षक दोन्हीकडे असतो : कधी रॉबर्ट मिचमच्या जहाजावर, कधी कुर्ट युर्गन्सच्या पाणबुडीत. तरीही तो चित्रपट मला उत्तम वाटतो. रेनरने ब्रिटिश नौदलात रक्षक नौकांचे नेतृत्व केले होते. चित्रपटाने ब्रिटिश जहाज अमेरिकन करून टाकले, पण दोन कसलेले कप्तान एकमेकांना न पाहता एकमेकांचे मन कसे वाचतात, हा मूळ गाभा तसाच राहिला. येथे प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसल्यामुळे ताण कमी होत नाही. एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याला कधी कळेल, या प्रतीक्षेत तो वाढतच जातो. तेव्हा कॅमेरा बाहेर गेला म्हणून चित्रपट फसला, असे सरसकट म्हणता येणार नाही.

निशिगंध

सारंगकाकांनी आवाजाचे शास्त्र उलगडून सांगितले, त्यामुळे 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' विषयी लिहिणे सोपे झाले. टॉम क्लॅन्सी हा मेरीलँडमधला विमा व्यावसायिक. त्याची ही पहिलीच कादंबरी १९८४ साली अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूटच्या प्रकाशनसंस्थेने काढली, जिने तोवर नवे ललित लेखन कधी छापलेच नव्हते.

कथेमागे खरी घटना आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये वालेरी साब्लिन या सोव्हिएत अधिकाऱ्याने रीगा बंदरातून 'स्तोरोझेवॉय' ही युद्धनौका बंड करून बाहेर काढली. साब्लिन पश्चिमेकडे पळून जात नव्हता. लेनिनग्राडला जाऊन जनतेला उद्देशून भाषण करावे आणि खरी साम्यवादी क्रांती पुन्हा जागवावी, असा त्याचा बेत होता. तो पकडला गेला आणि १९७६ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. क्लॅन्सीने त्या बंडखोर युद्धनौकेची सोव्हिएत अणुपाणबुडी केली आणि त्याच्या नायकाला, मार्को रामियसला, थेट अमेरिकेकडे वळवले. ज्याने आपल्या विचारसरणीवरच्या अतीव निष्ठेपायी जीव दिला, त्याच्या गोष्टीतून शत्रुपक्षाला मिळणाऱ्या माणसाची गोष्ट तयार व्हावी, याचे मला कादंबरी वाचताना वाईट वाटले होते आणि अजूनही वाटते.

जॉन मॅकटिअर्ननचा चित्रपट मार्च १९९० मध्ये आला, म्हणजे बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर काही महिन्यांनी. कादंबरीत ब्रिटिश नौदल आहे, वॉशिंग्टनमधल्या बैठका आहेत, अटलांटिकभर पसरलेली जहाजे आहेत. चित्रपटाने यातले बरेचसे गाळले आणि कथा मुख्यतः दोन पाणबुड्यांत आणून ठेवली, हे योग्यच झाले. शेवट मात्र बदलला. पुस्तकात रामियस पाठलागावर आलेल्या सोव्हिएत पाणबुडीला आपल्या पाणबुडीची धडक देतो, तर चित्रपटात ती पाणबुडी स्वतःच सोडलेल्या पाणतीराने नष्ट होते.

कानांच्या मुद्द्याला धरून सांगायचे, तर माझ्या दृष्टीने या चित्रपटाचा खरा नायक अमेरिकन पाणबुडीवरचा तरुण सोनारतज्ज्ञ जोन्स आहे. संगणक ज्या आवाजाला भूगर्भातली हालचाल ठरवतो, तो आवाज हा मुलगा वेग वाढवून पुन्हा ऐकवतो आणि त्यातली यंत्राची ठरावीक लय दाखवून देतो. हेडफोन लावून बसलेला माणूस पडद्यावर इतका रोमांचकारी होऊ शकतो, हे मला त्या प्रसंगात प्रथम कळले. ध्वनिपरिणामांच्या संकलनाचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले, ते सार्थच होते.

पैलतीर

मी शिकागोजवळ राहतो. येथील विज्ञान संग्रहालयात 'यू-५०५' ही जर्मन पाणबुडी ठेवलेली आहे. अमेरिकन नौदलाने ती ४ जून १९४४ रोजी समुद्रात जिवंत पकडली होती. 'दास बोट' मधल्या पाणबुडीहून ती आकाराने मोठी आहे, आणि तरीही आत शिरल्यावर पुढच्या माणसाची पाठ आपल्या तोंडासमोर येते. पाणतीरांच्या खोलीत बिछाने अगदी पाणतीरांच्या वर टांगलेले आहेत. याच पाणबुडीचा आधीचा कप्तान पेटर झेश याने ऑक्टोबर १९४३ मध्ये डेप्थ चार्जचा मारा चालू असताना, सहकाऱ्यांच्या देखत, स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते वाचून आत गेलेला माणूस 'दास बोट' मधल्या भेदरलेल्या यंत्रज्ञ योहानकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

मला लिहायचे आहे ते 'ग्रेहाउंड' विषयी. सी. एस. फॉरेस्टर यांची 'द गुड शेफर्ड' ही १९५५ ची कादंबरी. तिच्यावर टॉम हँक्सने स्वतः पटकथा लिहिली आणि चित्रपट २०२० साली आला. कादंबरी अटलांटिकच्या मध्यावर, विमानांचे संरक्षण पोहोचत नाही अशा पट्ट्यात, सुमारे ४८ तास चालते, आणि आपण पूर्ण वेळ कप्तान क्राउझच्या डोक्यात असतो. कोन, अंतरे, उरलेले तेल, उरलेले डेप्थ चार्ज यांचे हिशेब, मधूनच बायबलमधले एखादे वचन, मोडलेल्या संसाराची आठवण, आणि बढती नाकारली गेल्याचा सल. ज्या माणसाला शांततेच्या काळात नौदलाने बाजूला ठेवले होते, त्याच्या हाती आता सगळा ताफा आहे, आणि त्याच्याहून अनुभवी असलेले मित्रराष्ट्रांचे कप्तान त्याचे हुकूम ऐकत आहेत. ही बोचणी कादंबरीभर त्याला सोडत नाही.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. हुकूम, त्यांची खालून येणारी पुनरुक्ती, दुखावलेली पावले, समोर आलेले आणि न खाल्लेले जेवण, हे सारे त्याने फार नेमके टिपले आहे. पण आतला माणूस निसटला. शिवाय जर्मन कप्तान रेडिओवरून टोमणे मारतो, ही भर चित्रपटाने घातली, आणि ती मला खटकली. फॉरेस्टर यांच्या समुद्रात शत्रू बोलत नाही, म्हणूनच तो भयंकर वाटतो.

कोकणकिनारा

आपल्याकडच्या चित्रपटाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. संकल्प रेड्डी यांनी 'ब्लू फिश' हे पुस्तक लिहिले आणि त्यावरून २०१७ साली 'द गाझी अटॅक' हा चित्रपट तेलुगू व हिंदीत केला. के. के. मेनन, राणा दग्गुबाती आणि आपले अतुल कुलकर्णी अशा तिघांभोवती तो फिरतो. पाणबुडीतल्या शिस्तीला बांधलेला आणि तरीही कप्तानाशी मतभेद असलेला अधिकारी कुलकर्णींनी फार संयमाने उभा केला आहे.

इतिहास असा : 'गाझी' ही अमेरिकेने १९६४ साली पाकिस्तानला दिलेली जुनी 'डायब्लो' पाणबुडी. ती नोव्हेंबर १९७१ मध्ये 'आयएनएस विक्रांत' या भारतीय विमानवाहू नौकेच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली. विक्रांत तोवर अंदमानकडे हलवलेली होती, आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असे भासवण्यासाठी 'आयएनएस राजपूत' या जुन्या विनाशिकेचा उपयोग केला गेला. ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री गाझी बंदराबाहेर बुडाली. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे ती बुडाली असे भारतीय नौदलाचे म्हणणे आहे, तर आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने बुडाली असे पाकिस्तानचे. चित्रपटाने मात्र राजपूतऐवजी एक भारतीय पाणबुडी आणली आणि पाण्याखालचे द्वंद्व रचले.

माझी तक्रार या बदलापुरतीच आहे, कारण सत्य घटनेत नाट्य कमी नव्हते. एक म्हातारी विनाशिका विमानवाहू नौकेचे सोंग घेते, रेडिओवर खोटे संदेश पाठवते आणि शत्रू त्यावर विश्वास ठेवतो. ही तर ऐकण्याच्या फसवणुकीची गोष्ट आहे, या धाग्याच्या विषयाला अगदी जुळणारी. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'आयएनएस खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. या युद्धातल्या खलाशांमध्ये आपल्या किनाऱ्यावरची मुले होती, माझगाव गोदीत आज पाणबुड्या बांधल्या जातात, त्यांतल्या एकीला शिवकालीन खांदेरीचे नाव आहे. आणि तरी या विषयावरची दमदार मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. कोणी लिहिणार असेल, तर त्याने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली 'आयएनएस कुरसुरा' आतून जरूर पाहावी.

वाचनवेडी

कोकणकिनारा, आपल्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. आणखी एक भारतीय धागा : ज्यूल व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' या कादंबरीतला पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर आहे आणि तो १८५७ च्या उठावात लढलेला आहे, हे 'द मिस्टीरियस आयलंड' मध्ये उघड होते. तिच्यावरच्या १९५४ च्या प्रसिद्ध डिस्ने चित्रपटात जेम्स मेसनच्या नेमोपासून हे मूळ पूर्णपणे तोडलेले आहे. त्याचा इंग्रजी युद्धनौकांवरचा राग कोठून आला, हेच त्यामुळे पुसले गेले.

दर्यावर्दी

सर्वांचे मनापासून आभार. सारंगकाकांनी दिलेले उदाहरण वजनदार आहे. तरी 'द एनिमी बिलो' मध्येही दोन्ही कप्तान एकमेकांना आंधळेच आहेत, त्यामुळे तो चित्रपट माझ्या कसोटीच्या अगदी बाहेर पडतो असे मला वाटत नाही.

वाचनवेडी यांनी 'सौम्य न करण्या'विषयी लिहिले ते वाचून एडवर्ड बीच यांची 'रन सायलेंट, रन डीप' आठवली. बीच हे स्वतः पॅसिफिकमध्ये लढलेले पाणबुडी अधिकारी. पुढे १९६० साली त्यांनी 'ट्रायटन' या अणुपाणबुडीतून पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची कादंबरी १९५५ ची, आणि रॉबर्ट वाइजचा क्लार्क गेबल व बर्ट लँकेस्टर यांचा चित्रपट १९५८ चा. कादंबरीत नायक रिचर्डसन शत्रूचे रक्षक जहाज बुडवतो आणि मग त्याचा निष्णात कप्तान पुन्हा दुसऱ्या जहाजावर येऊ नये म्हणून वाचलेल्यांच्या होड्यांवर आपली पाणबुडी घालतो. तो स्वतःच ही हकीकत सांगत असतो, त्यामुळे वाचकाला त्याच्यापासून दूर होता येत नाही. चित्रपटाने हा प्रसंग गाळला आणि कादंबरीत जिवंत राहिलेल्या रिचर्डसनला शेवटी वीरमरण दिले. पाण्याखालचे डावपेच आणि कवायती पडद्यावर अचूक उतरल्या आहेत, नटही उत्तम आहेत. पण युद्ध जिंकायला निघालेला एक सभ्य अधिकारी काय करून बसतो, हे सांगण्यासाठी बीच यांनी ते पुस्तक लिहिले होते, आणि नेमके तेवढेच चित्रपटात नाही. पुस्तक मिळवून वाचावे, अशी सर्वांना विनंती आहे. वाचून झाल्यावर होड्यांच्या त्या प्रसंगाविषयी याच धाग्यावर लिहावे.